ॲक्सेसच्या फॉर्ममध्ये प्रत्येक नोंदीला तिचा रंग

वाचनालयाच्या देवघेव टेबलासमोर रांग लागलेली असताना यादी ओळीओळीने वाचायला कोणाला सवड नसते. मुदत उलटलेले पुस्तक तांबड्या ओळीत, दोन-तीन दिवसांत परत यायचे ते पिवळ्या ओळीत आणि परत आलेले करड्या अक्षरांत दिसले की काम भागते. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेसच्या (माहितीसाठा सांभाळणाऱ्या) प्रोग्राममध्ये हे जमते, आणि बहुतेक वेळा कोडची एकही ओळ न लिहिता जमते. तरी पहिल्या प्रयत्नात फसगत होते, कारण सगळ्यात आधी सुचणारा मार्गच चुकीचा असतो.

तो मार्ग असा: फॉर्मच्या, म्हणजे नोंदी दाखवणाऱ्या पडद्याच्या, 'ऑन करंट' इव्हेंटमध्ये (कर्सर नोंदीवर आला की चालणाऱ्या कोडमध्ये) अट लिहायची, आणि मुदत उलटली असेल तर टेक्स्ट बॉक्सचा, म्हणजे माहितीच्या खान्याचा, 'बॅक कलर' (पार्श्वभूमीचा रंग) तांबडा करायचा. फॉर्म उघडला की एकतर सगळ्या ओळी तांबड्या होतात किंवा एकही होत नाही, आणि कर्सर दुसऱ्या ओळीवर नेला की पुन्हा सगळ्यांचा रंग एकदम पालटतो. ही ॲक्सेसची चूक नाही. 'कंटिन्युअस फॉर्म'मध्ये, म्हणजे अनेक नोंदी एकाखाली एक दाखवणाऱ्या फॉर्ममध्ये, पन्नास ओळी दिसत असल्या तरी टेक्स्ट बॉक्स पन्नास नसतात. बॉक्स एकच असतो. दर ओळीला नवी माहिती घेऊन तोच पुन्हा पुन्हा उमटवला जातो, रबरी शिक्का मारावा तसा. शिक्क्याची शाई बदलली की सगळेच ठसे त्या रंगाचे होणार. ओळीगणिक रंग बदलायचा तर उमटवतानाच दर ओळीसाठी अट तपासली गेली पाहिजे, आणि ते काम 'कंडिशनल फॉरमॅटिंग' करते.

एका वेळी एकच नोंद दाखवणारा 'सिंगल फॉर्म' असेल तर मात्र 'ऑन करंट'चा मार्ग बरोबर आहे. तिथे 'डिटेल' सेक्शनचाच (फॉर्मच्या ज्या भागात नोंद दिसते त्याचा) 'बॅक कलर' बदलावा. दोन गोष्टी चुकवू नका: अट खोटी ठरल्यावर मूळ रंग परत आणणारा 'एल्स'चा भाग लिहा, नाहीतर एकदा तांबडा झालेला फॉर्म पुढच्या प्रत्येक नोंदीवर तांबडाच राहतो; आणि तारखेच्या खान्याच्या 'आफ्टर अपडेट'मध्येही तेच कोड बोलवा, म्हणजे तारीख बदलताच रंग बदलेल. सिंगल फॉर्मचे एवढेच. पुढचे सगळे कंटिन्युअस फॉर्मसाठी आहे.

उदाहरणासाठी देवघेवीच्या नोंदींचे ॲक्सेसमधले एक साधे टेबल (तक्ता) घेऊ. फील्ड, म्हणजे त्यातले स्तंभ, पाच: दाखल (पुस्तकाचा दाखल क्रमांक), सभासद (सभासद क्रमांक), दिली (पुस्तक दिल्याची तारीख), मुदत (परत यायला हवी ती तारीख) आणि परत (प्रत्यक्ष परत आल्याची तारीख, येईपर्यंत रिकामी). खालची सूत्रे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना फंक्शनांची नावे रोमन लिपीत आणि आकडे इंग्रजी (0, 1, 2) लिहायचे आहेत. इजनल म्हणजे 'खाना रिकामा आहे का', आणि डेट() म्हणजे आजची तारीख.

फील्डची नावेही रोमनमध्येच ठेवलेली बरी. ॲक्सेसच्या टेबलात देवनागरी नाव चालते, क्वेरीतही (टेबलातून हव्या त्या नोंदी काढणाऱ्या मागणीतही) चालते, पण व्हीबीए या ॲक्सेसच्या कोडच्या भाषेचा एडिटर युनिकोड (सगळ्या लिप्यांची सामाईक संकेतपद्धत) जाणत नाही. तिथे देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हांची माळ दिसते. म्हणून नाव रोमन अक्षरांत ठेवावे आणि फील्डच्या 'कॅप्शन' गुणधर्मात 'परतीची तारीख' असे मराठी लिहावे. पडद्यावर कॅप्शनच दिसते. फील्डला 'डेट' किंवा 'नेम' अशी नावे देऊ नका. ती ॲक्सेसची स्वतःची आहेत, आणि आजची तारीख मागितली की भलत्याच फील्डची किंमत हाती येते.

नियम लावणे

फॉर्म 'डिझाइन व्ह्यू' किंवा 'लेआउट व्ह्यू'मध्ये उघडा. ज्यांना रंग द्यायचा ते सगळे टेक्स्ट बॉक्स शिफ्ट दाबून एकेक करत निवडा. 'फॉरमॅट' टॅबवरचे 'कंडिशनल फॉरमॅटिंग' दाबले की नियमांची खिडकी उघडते. 'न्यू रूल' घ्या आणि वरचा पहिला प्रकार, म्हणजे चालू नोंदीतल्या किमती किंवा सूत्र तपासणारा, तसाच राहू द्या. खाली डावीकडच्या यादीत 'फील्ड व्हॅल्यू इज' निवडलेले असते. ते बदलून 'एक्स्प्रेशन इज' करा.

हा बदल विसरला की गाडी अडते. 'फील्ड व्हॅल्यू इज' त्या-त्या बॉक्समधली स्वतःची किंमत तपासते. मुदतीच्या बॉक्सवर ते चालेल, पण सभासद क्रमांकाच्या बॉक्सवर त्याच अटीला अर्थ राहत नाही. पूर्ण ओळ रंगवायची तर प्रत्येक बॉक्सने मुदतीकडेच पाहिले पाहिजे, आणि ते सूत्रानेच होते.

आता चार नियम, याच क्रमाने:

पहिला, परत आलेले पुस्तक: नॉट इजनल([परत]). अक्षरे करडी, पार्श्वभूमी पांढरी.

दुसरा, मुदत उलटून महिना लोटलेला: इजनल([परत]) अँड [मुदत] < डेट() - ३०. पार्श्वभूमी फिकी तांबडी, अक्षरे ठळक.

तिसरा, मुदत उलटलेली: इजनल([परत]) अँड [मुदत] < डेट(). फक्त फिकी तांबडी.

चौथा, तीन दिवसांत मुदत संपणारी: इजनल([परत]) अँड [मुदत] बिटवीन डेट() अँड डेट() + ३. फिकी पिवळी.

क्रम महत्त्वाचा आहे. ॲक्सेस नियम वरून खाली तपासते आणि जो पहिला खरा ठरेल त्याचाच रंग देते. दुसरा आणि तिसरा नियम उलटे लावले तर महिनाभर थकलेले पुस्तकही साध्या तांबड्यातच राहील, कारण ते आजच्या आधीचे आहेच. परत आलेल्या पुस्तकांचा नियम सगळ्यात वर आहे, तेव्हा खालच्या तिघांत 'इजनल([परत])' लिहायची खरे तर गरज नाही. तरी लिहा. उद्या कोणी बाणाने नियम वरखाली केले तर अर्थ बिघडणार नाही, आणि खर्च फक्त चार अक्षरांचा आहे.

एका बॉक्सवर किती नियम बसतात? २००७ च्या आवृत्तीपर्यंत तीनच बसत. २०१० पासून ५० बसतात. तीनच्या काळातले कितीतरी वळसे अजून सांगितले जातात. तुमच्याकडे २०१० किंवा नंतरची आवृत्ती असेल तर ते सोडून द्या. आणि ५० बसतात म्हणून ५० लावू नका. पाच-सहा रंगांपुढे कोणता रंग कशाचा हे टेबलावरच्या माणसाच्या लक्षात राहत नाही.

रंगांच्या ओळीत शेवटी एक छोटे बटण असते, 'एनेबल्ड'. पहिल्या नियमात ते बंद केले तर परत आलेल्या नोंदीचा खाना करडा होतोच, शिवाय त्यात काही टाइपही करता येत नाही. चुकून जुनी तारीख बदलण्यापासून बऱ्यापैकी बचाव होतो. मात्र हा बचाव त्या फॉर्मपुरता आहे. टेबल थेट उघडणाऱ्याला तो अडवत नाही.

ओळीतल्या फटी कशा भरायच्या

नियम लागले तरी दोन बॉक्सांमधली जागा पांढरीच राहते, आणि चेकबॉक्स, लेबल किंवा बटण रंगत नाही. कंडिशनल फॉरमॅटिंग फक्त टेक्स्ट बॉक्स आणि कॉम्बो बॉक्सला लागते. अखंड पट्टा हवा असेल तर मागे एक मोठा टेक्स्ट बॉक्स टाकायचा.

डिटेल सेक्शनमध्ये नवा टेक्स्ट बॉक्स काढा, त्याचे लेबल पुसून टाका. 'लेफ्ट' आणि 'टॉप' शून्य, रुंदी फॉर्मइतकी, उंची डिटेल सेक्शनइतकी. 'कंट्रोल सोर्स' (बॉक्स कोणती माहिती दाखवतो ते) रिकामा, 'बॉर्डर स्टाइल' ट्रान्सपरंट, 'टॅब स्टॉप' नो. मग 'अरेंज' टॅबवरून 'सेंड टू बॅक'. वरच्या सगळ्या बॉक्सांचा 'बॅक स्टाइल' ट्रान्सपरंट करा आणि चारही नियम फक्त या मागच्या बॉक्सवर लावा. नियम एकाच जागी राहतात, पुढे बदलायचे झाले तर एकदाच बदलावे लागतात. फटी भरण्यापेक्षा हाच फायदा मोठा आहे. अक्षरे ठळक किंवा करडी करायची असतील तर तेवढे नियम मात्र वरच्या बॉक्सांवरच लावावे लागतील, कारण मागच्या बॉक्समध्ये अक्षरेच नाहीत.

यात एक खोच आहे. ॲक्सेसमध्ये ज्या कंट्रोलवर कर्सर जातो तो वर येतो. मागच्या पट्ट्यावर कोणी क्लिक केले की पट्टा वर येऊन ओळीतला मजकूर झाकतो, आणि 'डेटा गायब झाला' म्हणून आरडाओरड होते. त्यावर उपाय म्हणजे पट्ट्याचा 'एनेबल्ड' नो आणि 'लॉक्ड' येस, दोन्ही एकदम. नुसता 'एनेबल्ड' नो केला तर बॉक्स मंद करडा दिसतो. जोडीला 'लॉक्ड' येस असले की तो नेहमीसारखा दिसतो आणि कर्सरही घेत नाही. वरच्या पारदर्शक बॉक्सांचेही असेच काही आहे: कर्सर आला की तेवढ्यापुरता त्यांचा 'बॅक कलर' उमटतो. तो पांढरा ठेवला तर कुठे टाइप करतो आहोत ते उलट नीट दिसते.

दोन रंग आपोआप आलटून पालटून दिसत असतील तर दोष नियमांचा नाही. २००७ पासून डिटेल सेक्शनला 'आल्टरनेट बॅक कलर' असतो आणि तो एकाआड एक ओळ हलकी करडी करतो. तो 'बॅक कलर'इतकाच करून टाका, नाहीतर करडी छटा नियमाची की नुसत्या सम संख्येच्या ओळीची, हे कळणार नाही.

'डेटाशीट व्ह्यू'मध्ये मागच्या पट्ट्याची युक्ती चालत नाही. तिथे प्रत्येक खाना स्वतंत्र स्तंभ असतो, म्हणून नियम प्रत्येक बॉक्सवरच लावावे लागतात.

नियम बरोबर दिसतो, रंग येत नाही

सूत्र चुकले तर कंडिशनल फॉरमॅटिंग तक्रार करत नाही, गप्प बसते. त्यामुळे चूक शोधायला एक तात्पुरता टेक्स्ट बॉक्स डिटेलमध्ये ठेवा, आणि त्याच्या 'कंट्रोल सोर्स'मध्ये बरोबरचे चिन्ह देऊन तेच सूत्र चिकटवा. ओळीत -१ दिसले तर अट खरी, ० दिसले तर खोटी. 'नेम' हा शब्द हॅश आणि प्रश्नचिन्हासह दिसला तर फील्डचे नाव चुकले आहे किंवा ते फील्ड फॉर्मच्या 'रेकॉर्ड सोर्स'मध्ये (फॉर्म ज्या टेबलातून किंवा क्वेरीतून नोंदी घेतो त्यात) नाही. आणि काहीच दिसले नाही तर उत्तर 'नल', म्हणजे रिकामे, आहे.

हा नलच सगळ्यात जास्त वेळ खातो. रिकाम्या तारखेची तुलना कशाशीही केली तरी उत्तर खरेही नसते, खोटेही नसते, आणि ॲक्सेस रंग देताना त्याला खोटे धरते. '[परत] = नल' हे सूत्र म्हणून कधीच खरे ठरत नाही; तिथे इजनलच लागते. तसेच मुदतच भरायची राहिली असेल तर ती नोंद कुठल्याच नियमात बसत नाही आणि साळसूदपणे पांढरी राहते. तिच्यासाठी इजनल([मुदत]) असा पाचवा नियम करून जांभळट रंग द्या.

दुसरे कारण वेळेचे. मुदत भरताना डेट()ऐवजी नाऊ() (आत्ताची तारीख आणि वेळ) वापरले असेल तर तारखेच्या पोटात तास-मिनिटेही साठतात. खान्यात फक्त तारीख दिसत असली तरी '[मुदत] = डेट()' जुळत नाही, कारण डेट() म्हणजे आज मध्यरात्रीचे बारा. टेबलाच्या 'डिफॉल्ट व्हॅल्यू'तच डेट() + १५ लिहा. जुन्या नोंदींसाठी डेटव्हॅल्यू() लावा, पण रिकाम्या खान्यावर ते चूक देते, तेव्हा इजनलची तपासणी क्वेरीत आधी करून घ्या.

येस-नो फील्डवर अट असेल तर लक्षात ठेवा की ॲक्सेसमध्ये 'येस' म्हणजे -१. '= १' लिहिले तर रंग कधीच येणार नाही. '= ट्रू' लिहिणे सुरक्षित.

ठरावीक तारीख सूत्रात लिहायची वेळ येऊ देऊ नका. कोडमधून किंवा एसक्यूएलमधून (क्वेरीच्या भाषेतून) ०५/०४/२०२५ लिहिले की ॲक्सेस ते अमेरिकी पद्धतीने ४ मे वाचते, आपल्या मनात असते ५ एप्रिल. गंमत म्हणजे २५/०४/२०२५ मात्र बरोबर वाचते, कारण पंचविसावा महिना नसतोच. त्यामुळे चूक महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांतच दिसते आणि सापडत नाही.

मराठी मजकुरावर अट लावणाऱ्यांसाठी वेगळा इशारा. 'स्थिती' नावाच्या फील्डमध्ये 'दुरुस्ती करणाऱ्याकडे' असे लिहून त्यावर नियम लावला तर काही ओळी रंगतात, काही नाही, आणि डोळ्यांना फरक दिसत नाही. 'ऱ्या' हे जोडाक्षर दोन प्रकारांनी टाइप होते: एकात नुक्त्याचा र, दुसऱ्यात साधा र आणि मध्ये न दिसणारे जोडचिन्ह. संगणकाच्या लेखी हे दोन वेगळे शब्द आहेत. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये भरलेला मजकूर तर आत इंग्रजी अक्षरेच असतो. नियम खिडकीतून लावला तर देवनागरी शब्द निदान टिकतो; कोडमधून लावला तर त्याचीही प्रश्नचिन्हे होतात आणि अट कायमची खोटी ठरते. सरळ उपाय म्हणजे स्थितीचे एक छोटे टेबल करा, १ कपाटात, २ सभासदाकडे, ३ बांधणीला, ४ हरवले, आणि नियम आकड्यावर लावा. पडद्यावर कॉम्बो बॉक्स मराठी शब्दच दाखवेल.

कोणते रंग

नेहमीच्या वापरातल्या फिकट छटा घ्या: तांबडा २५५, १९९, २०६, पिवळा २५५, २३५, १५६, हिरवा १९८, २३९, २०६. गडद रंगावर काळी अक्षरे वाचताना तासाभरात डोळे थकतात. पण या तिघांतही एक गोम आहे. काळ्या-पांढऱ्या छपाईत यांची उजळता २५५ पैकी अंदाजे २१७, २३२ आणि २२३ येते, म्हणजे तांबडा आणि हिरवा कागदावर एकच करडा दिसतो. तांबडा-हिरवा फरक ज्यांना दिसत नाही अशी माणसे टेबलावरही असू शकतात. म्हणून महत्त्वाच्या नियमाला रंगाबरोबर ठळक अक्षरे द्या, किंवा 'उशीर' असा शब्द दाखवणारा एक अरुंद खाना ठेवा.

कोडमध्ये रंगाचा एकच आकडा लागला तर तो असा निघतो: तांबडा, अधिक हिरवा गुणिले २५६, अधिक निळा गुणिले ६५५३६. वरच्या फिकट तांबड्याचा आकडा १,३५,५१,६१५ येतो. प्रॉपर्टी शीटमध्ये हॅश लावून लिहिलेल्या सहा अंकी रंगात तांबडा पहिला असतो, पण हा आकडा षोडशमानात मांडला तर निळा पहिला येतो. तसाच उतरवला की तांबड्याचा निळा होतो.

प्रत्येक नोंदीचा रंग वापरणाऱ्यानेच ठरवायचा असेल, आणि रंग आधी माहीत नसतील, तर नियम पुरत नाहीत. तेव्हा टेबलात रंगाचा सहा अंकी कोड मजकूर म्हणून साठवा. फॉर्मवर एका टेक्स्ट बॉक्सचा 'टेक्स्ट फॉरमॅट' रिच टेक्स्ट करा, आणि 'कंट्रोल सोर्स'मध्ये फाँट टॅगच्या रंगात ते फील्ड जोडून आत भरीव चौकोनाचे अक्षर, सीएचआरडब्ल्यू(९६०८), पाच-सहा वेळा छापा. ओळीच्या डाव्या कडेला त्या नोंदीच्या रंगाची पट्टी उमटते. असा बॉक्स सूत्रावर चालतो, म्हणून त्यात टाइप करता येत नाही. रंग बदलायला वेगळा खाना लागेल.

कर्सर असलेली ओळ उठून दिसावी यासाठी फॉर्मच्या हेडरमध्ये एक अदृश्य टेक्स्ट बॉक्स ठेवा आणि 'ऑन करंट'मध्ये चालू नोंदीचा क्रमांक त्यात टाका. नियम: नोंदीचा क्रमांक त्या बॉक्सइतका असेल तर निळा. हा नियम पूर्ण ओळीला लावू नका, नाहीतर तांबडी ओळ निवडताच तिचा तांबडेपणा जातो. डाव्या कडेच्या अरुंद बॉक्सला तेवढा लावावा.

वेग

नियम दिसणाऱ्या प्रत्येक ओळीसाठी, प्रत्येक बॉक्ससाठी आणि पडदा पुन्हा रंगवताना दर वेळी तपासले जातात. दहा बॉक्स, चार नियम आणि पंचवीस ओळी म्हणजे एका स्क्रोलला हजारापर्यंत तपासण्या. साध्या तारखांना काही होत नाही, पण नियमात डीलुकअप (टेबलातून एक किंमत शोधून आणणारे फंक्शन) घातले की दर तपासणीला टेबलात फेरी होते, आणि नेटवर्कवरच्या फाइलीत फॉर्म लुकलुकायला लागतो. असा हिशेब फॉर्मच्या क्वेरीत एक स्तंभ करून आधीच करून घ्या: महिना लोटला तर २, मुदत उलटली तर १, बाकी ०. मग नियम फक्त त्या आकड्याकडे पाहील. दुसऱ्या संगणकावरून कोणी परतीची नोंद केली तर रंग लगेच बदलत नाही. लगेच हवा असेल तर 'रिफ्रेश ऑल' दाबा. रात्रभर उघडा राहिलेला फॉर्मही सकाळी कालचेच रंग दाखवू शकतो.

थकबाकीची यादी छापायची असेल तर रिपोर्टमध्ये हा सगळा खटाटोप नको. तिथे डिटेल सेक्शनचा 'ऑन फॉरमॅट' इव्हेंट दर नोंदीला वेगळा चालतो, त्यामुळे सेक्शनचा 'बॅक कलर' सरळ कोडने बदलता येतो, 'एल्स'सह. मात्र 'रिपोर्ट व्ह्यू'मध्ये तो इव्हेंट चालत नाही. रंग पाहायचे तर 'प्रिंट प्रिव्ह्यू' उघडा.